ह्याच्यात कोन हाय?

मेश्रामबाईंच्या हातात कोणतीही नवी वस्तू दिली की त्या आधी ती उलटी करून बघत, मग नाकाशी नेत, आणि मग देणाऱ्याच्या तोंडाकडे बघून विचारत, "ह्याच्यात कोन हाय?" काय आहे असं नाही, कोण आहे असं. मी आश्रमशाळेत रुजू झाले त्या संध्याकाळी पेटीतून अंगाचा साबण बाहेर काढला, तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि हेच विचारलं. मला वाटलं, बाई थट्टा करते आहे. मी म्हटलं, "साबण आहे." त्या म्हणाल्या, "ते दिसून राह्यलं. पन ह्याच्यात चरबी कोनाची हाय?" मला काय ठाऊक. साबण मी वापरत राहिले, पण त्यानंतर प्रत्येक आंघोळीला तो प्रश्न माझ्याबरोबर न्हाणीत येऊन उभा राहायचा. पुढच्या बाजाराला मी गुपचूप शिकेकाई आणि बेसन आणलं, आणि आपण कोणाचं तरी ऐकलं याचा राग मनात धरला.

मागच्या वर्षी मेश्रामबाई राजुऱ्याला वारल्या. शोकसभेत मला बोलायला लावलं. मी त्यांच्या शिस्तीबद्दल बोलले, मुलींवरच्या मायेबद्दल बोलले. लोक डोळे पुसत होते. मी बोलले ते सगळं खरं होतं, पण मला जे माहीत आहे ते त्यात नव्हतं. मी त्या बाईचा मत्सर केला. अधूनमधून नाही, एका छपराखाली राहून, एका चुलीवर जेवून, रोज केला. हे कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. आता सांगते.

आमची शाळा अहेरीच्या अलीकडे, सागाच्या जंगलात होती. मुली गोंड-माडिया, लांबलांबच्या पाड्यांवरच्या. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचे ते दिवस. एकट्या शिक्षिकांना मिळून दोन खोल्यांचं एक क्वार्टर दिलेलं होतं, त्यात त्या आधीपासून होत्या आणि मी नंतर आले. त्या माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. सावळ्या, उंच, चालताना पुढे वाकून चालायच्या, जणू समोर वारा आहे. मला पहिल्याच आठवड्यात त्या 'कुसुम' आणि 'तू' म्हणायला लागल्या. मी शेवटपर्यंत 'मेश्रामबाई' आणि 'तुम्ही'च म्हणत राहिले.

आमचं घर ब्रह्मपुरीकडचं, महानुभाव पंथाचं. पिढ्यान्‌पिढ्या कोणी मांस-मासोळीला हात लावलेला नाही. अंगणात अंड्याचं टरफल पडलेलं दिसलं तरी आई ती जागा सारवून घ्यायची. मासोळीवाली ढिवरीण आमच्या दारावरून जाताना हाक देत नसे. अभ्यासात मी बेताची, दिसायला बेताची, गळाही नाही. माझ्याकडे मिरवायला एकच गोष्ट होती, मी कधी मांस-मासोळी खाल्लेली नव्हती. शाळेत, कॉलेजात, नोकरीत, जेवणाची वेळ झाली की मी थोडी बाजूला सरकून बसायची, आणि ते बाजूला बसणं मला आवडायचं. हेही आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मेश्रामबाई वाढल्या राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीच्या वस्तीत. बौद्ध घर, वडील खाणीत. "इतवारी मासोळी नसली तं आमचा बुढा ताटावर बसत नसे," असं त्याच सांगायच्या. त्यांनी स्वतः मांस-मासोळी खाणं सोडलं ते माझ्या येण्याच्या वर्षभर आधी. शाळेची सहल आरमोरीकडच्या कोसा रेशमाच्या केंद्रावर गेली होती. पाण्याच्या मोठ्या गंजात आतल्या किड्यांसकट कोसे उकळत होते. बाजूच्या ढिगात एका कोशाला आतून भोक पडत होतं, पाखरू बाहेर येत होतं. कारागीर म्हणाला, हा गेला कामातून, ह्याचा धागा तुटला. आणि त्याने तो उचलून कुंपणाबाहेर फेकला.

"तेवढा एकटा वाचला, कुसुम," त्या सांगायच्या, "काऊन का तो उपयोगाचा नव्हता. मले रडू आलं. मंग मनात आलं, मेश्रामबाई, कालच्या डब्यात काय होतं? कोंबडीसाठी रडली नाई, अन् किड्यासाठी रडून राह्यली. रडाचं असन तं नीट रडा, नाईतर गुमान खा."

त्यांनी नीट रडायचं ठरवलं. घरी गेल्या तर वडील म्हणाले, "पोरगी शिकली अन् मासोळी भुलली." धम्माच्या मंडळींत यावर वाद व्हायचे, खावं की न खावं. त्या वादात त्या कधी उतरल्या नाहीत. "मी कोनाले काही सांगून नाई राह्यली. मी फक्त विचारून राह्यली," एवढंच म्हणायच्या.

आणि विचारायच्या म्हणजे खरोखर विचारायच्या. त्या काळी डब्यावर, पुड्यावर असलं काही लिहिलेलं नसे. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात हे सांगणारं पुस्तक नव्हतं. म्हणून ज्याने वस्तू केली त्यालाच त्या गाठत. बाकं दुरुस्त करायला सुतार आला, तर त्याच्याजवळ उकिडवं बसून, "भाऊ, हा सरस कायचा हाय?" तो म्हणाला, "हाडाकातड्याचा, बाई. वास नाई येऊन राह्यला?" बाजारात बांगडीवाली भेटली तर लाखेच्या बांगड्या हातात घेऊन तोच प्रश्न. तिला सांगता आलं नाही. मग एका मुलीचा बाप, जो पळसावरून लाख काढायचा, त्याने सांगितलं की ती किड्याची करणी आहे, आणि काडी खरवडताना तो किडा मरतोही. त्या दिवशी मेश्रामबाईंनी हातातल्या लाखेच्या दोन बांगड्या उतरवून ठेवल्या. फेकल्या नाहीत. "घेतल्या तवा माहीत नव्हतं," म्हणाल्या, "आता माहीत झालं."

आमचे हेडमास्तर गावतुरेसर तळहातावर तंबाखू मळत बसलेले असायचे. मेश्रामबाई एकदा म्हणाल्या, "सर, तुमच्या डबीतला चुना नदीकाठचा. ढिवर लोक शिंपल्या भाजून करतेत. त्याच्यात जीव होता." सरांनी चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाले, "बाई, तंबाकूत कोन हाय तेही सांगून टाका, म्हणजे एकदाचं सुटलो." त्या म्हणाल्या, "तंबाकूत तुमी हाय, सर." सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. हसताना माझ्या मनात होतं, मला असं का सुचत नाही.

सांगेल त्याचं त्या खरं धरत. एकाने सांगितलेलं दुसऱ्याकडे जाऊन पडताळत नसत. मी एकदा विचारलं, "अन् एखाद्यानं खोटं सांगितलं तं?" त्या म्हणाल्या, "तं ते त्याच्यापाशी राह्यलं. मी तं विचारलं होतं." मला हा भोळेपणा वाटायचा.

एक गोष्ट मला मुळीच समजत नसे. मेसमध्ये बुधवारी सुकी मासोळी असायची. मी त्या दिवशी मेसकडे फिरकत नसे. मेश्रामबाई मात्र पदर खोचून स्वतः वाढायला उभ्या. तापातून उठलेल्या मुलीला रस्सा जास्त घालायच्या. मी म्हटलं, "तुमाले किळस नाई येत?" त्या म्हणाल्या, "किळस कायची? मासोळी घान थोडीच हाय. म्या खात नाई ते वेगळं." आणि गॅदरिंगला मुलींचा रेला नाच असायचा, तेव्हा ढोल उन्हात ठेवून त्या स्वतः तापवायच्या. मला वाटलं, आता सापडली. मी सगळ्यांसमोर विचारलं, "मेश्रामबाई, ह्याच्यात कोन हाय?" त्या ढोलाच्या कातड्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "बकरा हाय. मले माहीत हाय. म्हनून तं पोरींना म्हनते, दनादना नका बडवू, नीट वाजवा." मुली माझ्याकडे न बघता ढोलाकडे बघायला लागल्या. मी त्यांना पकडायला गेले होते आणि हात हलवत परत आले.

माझ्याकडे एक कोशाचं लुगडं होतं. आईचं. पंथाच्या कार्याला, सणाला तेच नेसायचं, कारण ते पवित्र. मेश्रामबाईंनी त्या लुगड्याबद्दल एक अक्षर कधी काढलं नाही. दोरीवर वाळत घातलेलं दिसलं की त्या त्याच्या बाजूने जात, वाऱ्याने खाली पडलं तर उचलून घडी करून ठेवत. हेच मला सहन व्हायचं नाही. काही म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. शेवटी सहावीतली एक मुलगीच एकदा अगदी निरागसपणे म्हणाली, "बाई, एवढ्या लुगड्यात किती किडे असन?" मी ते पेटीत तळाशी ठेवलं. पुन्हा नेसले नाही. कोणी विचारलं तर कसर लागली म्हणून सांगायची. जन्मभराची शाकाहारी मी, आणि माझं सगळ्यात पवित्र वस्त्र नेसायला आता मला लाज वाटत होती. ही लाज मला त्या बाईने दिली, असं मी धरून चालले.

तरीही एवढ्यावर निभावलं असतं. पुढचं झालं ते माझ्या वडिलांमुळे.

बाबा फार कमी बोलणारे. कौतुक करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. मला नोकरी लागली तेव्हा ते "बरं" म्हणाले, आणि बैलाला पाणी दाखवायला गेले. मी त्यांच्या तोंडून एखादा चांगला शब्द ऐकायला लहानपणापासून कान लावून होते. दिवाळीनंतर ते मला भेटायला शाळेवर आले. सोबत पाण्याचा आपला तांब्या, कारण मी कोणाबरोबर राहते ते मी कळवलं होतं. पंथात जात मानायची नाही असं सांगतात. गावात मानतात. बाबा गावातले होते.

मेश्रामबाई पुढे येऊन म्हणाल्या, "जय भीम, काकाजी." बाबांनी हातातला तांब्या आधी खुंटीवर टांगला. मग म्हणाले, "दंडवत प्रणाम." आणि चंद्रपूरहून आणलेला बर्फीचा डबा उघडून समोर धरला. वर चांदीचा वर्ख. "घ्या बाई. शुद्ध तुपातली हाय. निर्धास्त खा."

मेश्रामबाईंनी एक वडी उचलली, उलटी केली. मला कळलं आता काय होणार, आणि मला खरं सांगायचं तर आनंद झाला. बाबा चिडले की भयंकर चिडायचे.

"काकाजी, राग नका मानू. ह्याच्यात कोन हाय?"

"कोन असन? दूध, साखर, चांदी."

"ही चांदी कुटतेत ते कातड्याच्या पानात ठेवून कुटतेत. चंद्रपूरले एका हलवायाच्या मानसानं सांगितलं मले. आतड्याची पातळ पानं असतेत म्हने. त्याच्यात चांदीचा तुकडा ठेवाचा, अन् दिवसभर हातोडी माराची."

बाबा चिडले नाहीत. त्यांनी आपल्या हातातली वडी बघितली, नखाने वर्ख खरवडला, बोटावर घेतला, उजेडात धरला. डबा बंद करून बाजूला ठेवला. मग ओट्यावर बसकण मारून म्हणाले, "बसा माय. आनखी कायकायमंदी हाय ते सांगा."

ती सगळी दुपार ते दोघं ओट्यावर बसले होते. मी आतून ऐकत होते. पोथीच्या बांधणीतला सरस, टाळ-मृदंगातला मृदंग, साबण, सणाचं कोशाचं धोतर. बाबा मध्ये मध्ये विचारत, "अन् तूप?" "तूप गाईनं दिलं, काकाजी. वासराले पुरवून दिलं का, ते तुमच्या गोठ्याले विचारा." बाबा हसले. मी माझ्या बापाला असं हसताना फार थोड्या वेळा पाहिलं आहे. चहा मेश्रामबाईंनी केला. बाबांनी तो बशीत ओतून, फुंकून प्यायला. आणलेला तांब्या खुंटीवर टांगलेलाच राहिला. माझ्या बापाच्या मनातली एक जुनी गाठ माझ्या डोळ्यांसमोर सुटली होती. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

संध्याकाळच्या एसटीला त्यांना पोचवायला गेले. गाडीची वाट बघताना बाबा म्हणाले, "कुसुम, तू जन्मानं हायेस. ती समजून हाय. तिच्यापाशी शिक काही."

ज्या शब्दांसाठी मी कान लावून होते ते त्यांच्या तोंडून आले, आणि ते दुसरीसाठी होते.

पुढे बाबांच्या पत्रात माझी खुशाली एका ओळीत असायची आणि खाली, 'मेश्रामबाईंना विचारून कळव.' मी कळवायची. माझ्याच अक्षरात त्यांचं ज्ञान माझ्याच बापाला पोचवायची.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी मेश्रामबाई तापाने पडल्या. आधी हिवताप समजून गोळ्या झाल्या, ताप हटेना. बैलगाडी आणि मग एसटी करून मी त्यांना अहेरीच्या दवाखान्यात नेलं. मुदतीचा ताप निघाला. डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या आणि मला बजावलं, एकही चुकवायची नाही. क्वार्टरवर आल्यावर मी पहिली कॅप्सूल त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांना मान उचलवत नव्हती. तरी त्यांनी ती अंगठ्याने उलटी केली. नाकाशी नेण्याचं बळ नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कुसुम, ह्याच्यात कोन हाय?"

मला माहीत होतं. माझा मोठा भाऊ ब्रह्मपुरीला औषधाच्या दुकानात कामाला होता. कॅप्सूलची वरची टोपी जनावराच्या हाडाकातड्यापासून करतात, हे त्याने घरी सांगितलेलं होतं.

मी म्हटलं, "कोनी नाई. औषध हाय. घ्या."

त्यांनी घेतली. विश्वास ठेवायला त्यांना क्षणभरही लागला नाही.

कोणीही म्हणेल, बरं केलंस, जीव वाचवलास. तेव्हा मीही स्वतःला तसं म्हणून पाहिलं. पण पाण्याच्या घोटाबरोबर ती कॅप्सूल त्यांच्या घशाखाली उतरताना मला जे वाटलं ते मी विसरलेले नाही. मला वाटलं, झाली ही माझ्यासारखी. नाही, माझ्याहून खाली गेली, आणि हिला ते माहीत नाही, मला माहीत आहे. त्यानंतर प्रत्येक कॅप्सूल मी माझ्या हाताने, वेळ न चुकवता दिली. अंग पुसलं, पेज भरवली, केसांतल्या जटा सोडवल्या, चादरी धुतल्या. गावतुरेसर म्हणाले, "नाकाडेबाई, सख्खी बहीण करनार नाई एवढं." मुली माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझा मत्सर शांत झोपला होता. तो जागा झाला त्या बऱ्या झाल्यावर.

धानाची मळणी झाली की आमच्या घरी पंथाची मंडळी जमायची. त्या वर्षी बाबांनी मेश्रामबाईंना आग्रहाने बोलावलं. आम्ही दोघी गेलो. त्या अजून वाळलेल्या होत्या, ब्लाऊज अंगावर लोंबत होतं. जेवणं झाल्यावर बाया सतरंजीवर त्यांच्याभोवती बसल्या, बाबा आणि दोन-चार पुरुष भिंतीला टेकून. मेश्रामबाई उपदेश करत नव्हत्या. कोणी विचारलं तर सांगायच्या, माहीत नसलं तर "माहीत नाई" म्हणायच्या. माझी आत्या, जी त्यांच्या पंक्तीला बसायला सकाळपर्यंत तयार नव्हती, ती माझ्या बाबांना म्हणाली, "दादा, ही तुमची पोरगी शोभते."

बाबांनी नाही म्हटलं नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं. निघून गेलं म्हणणंही खोटं आहे, मी ते महिनोन्‌महिने तोंडात धरून होते. मी म्हटलं, "मेश्रामबाई, तुमी तापात कॅप्सूल खाल्ल्या, त्यात कोन होतं सांगा ना सगळ्याइले. जनावराचं हाड अन् कातडं होतं. सगळ्या खाल्ल्या तुमी, एकही सोडली नाई."

आत्याने पदर तोंडाशी नेला. मी मेश्रामबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते, तो पडायची वाट बघत होते.

मुलीचं गणित कुठे चुकलं ते शोधताना त्या जशा बघायच्या तशा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कुसुम, मी तुले विचारलं होतं न?"

"हो."

"तुले तवा माहीत होतं?"

"हो."

"मंग काऊन नाई सांगितलं? मी घेतल्या असत्या. मले मराचं थोडीच होतं. फक्त माहीत असून घेतल्या असत्या. ज्याचं हाड हाय त्याले मनात म्हटलं असतं, बाप्पा, तुझ्यावर उभी राहून राह्यली. एवढंच."

मग बायांकडे वळून त्या म्हणाल्या, "हे पन ध्यानात ठेवा. औषधाच्या टोपीतबी असते. पन ताप आला तं औषध सोडू नका." आणि मघा जिथे थांबल्या होत्या तिथून पुढे सुरू झाल्या. मी चाकू म्हणून काढलेली गोष्ट त्यांनी माहिती म्हणून ठेवून घेतली.

मी तेव्हा तिथे बसून हे समजले की इतके दिवस शेजारी राहून मला ही बाई कळलीच नव्हती. माझ्या घरात न खाणं म्हणजे बाटू नये म्हणून जपणं. मला वाटलं होतं, त्याही तेच जपतात आणि एका गोळीने त्या बाटतील. त्यांना बाटण्याशी कर्तव्यच नव्हतं. मासोळी वाढताना नव्हतं, ढोल तापवताना नव्हतं. आपण कोणाच्या जिवावर जगतो ते आपल्याला माहीत असावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि तेवढंच मी त्यांच्यापासून लपवलं होतं.

दुपारी बाबांनी मला गोठ्यात बोलावलं. बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "आपल्या घरी टोपी उघडून भुकटी पान्यात घेतो आपन. तुले माहीत नव्हतं काय?"

हे मी वर लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. भावाने सांगितल्यापासून आमच्या घरी कॅप्सूल उघडून आतली भुकटी घ्यायची रीत होती. कडू लागते, वर गुळाचा खडा खायचा. मी स्वतः लहान भाचीला तशी दिली होती. खोटं बोलण्याची गरजच नव्हती. जीवही वाचला असता आणि नेमही.

मी म्हटलं, "माहीत होतं."

बाबा म्हणाले, "लोकं म्हनतीन, पोरीनं जीव वाचवला. मी म्हननार नाई." आणि बैलाचं दावं सोडायला लागले. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. त्यानंतर मेश्रामबाईंना काही विचारायचं असलं तर त्यांचं पत्र थेट मेश्रामबाईंच्या नावाने यायला लागलं.

उन्हाळ्यापर्यंत आम्ही त्याच क्वार्टरमध्ये राहिलो. भांडण नाही, अबोला नाही. मी बाजारातून काही आणलं, पुढे केलं, तर त्या न बघता, न विचारता घेत. बघणाऱ्याला तो विश्वास वाटला असता. विचारून उपयोग नसतो तिथे माणूस असा मुकाट्याने घेतो, हे मला कळत होतं. एकदा मी स्वतःहून म्हटलं, "शेंगदान्याचं तेल हाय, दुसरं काही नाई." त्या म्हणाल्या, "बरं." माफी मागायचे शब्द मी कितीदा जुळवले. संध्याकाळी चूल पेटवताना ते अगदी ओठांवर यायचे, आणि त्या काहीतरी साधं बोलायच्या, भात झाला का, पाणी भरलं का, आणि मी तेवढंच उत्तर द्यायची.

खाणीतून निवृत्त झालेले वडील एकटे पडले म्हणून त्यांनी राजुऱ्याला बदली मागून घेतली. जाताना सामान थोडंच होतं. मुली गाडीपर्यंत रडत गेल्या. मी त्यांची वळकटी उचलून टपावर चढवली. खाली उतरले तेव्हा त्या म्हणाल्या, "तब्येत सांभाळ, कुसुम." त्यात काही दडलेलं आहे का हे मी कितीतरी दिवस शोधत राहिले. काही नव्हतं.

दशक संपता संपता एकदा चंद्रपूरच्या एसटी स्टँडवर त्या दिसल्या. माझं लग्न झालं होतं, कडेवर मुलगा होता. त्या आपल्या नव्या शाळेच्या मुली घेऊन कुठेतरी निघाल्या होत्या. केस बरेच पिकले होते. मी खांबाआड व्हायचा विचार करत होते, तोवर त्यांनी बघितलं आणि हाक मारली. मुलींना गोळा करून म्हणाल्या, "ह्या नाकाडेबाई. मी लय बिमार होती तवा ह्याइनं माझं सगळं केलं. अंग पुसलं, पेज चारली. मी आज उभी हाय ते ह्याइच्यामुळं. पाया पडा."

मी त्यापुढच्या 'पण'ची वाट बघत राहिले. 'पण' आला नाही. मुली एकेक करून वाकल्या. त्यांनी माझ्या मुलाच्या गालाला हात लावला, नाव विचारलं, गाडी लागली तशा मुलींना पुढे घालून चढल्या. खिडकीतून हात हलवला. मीही हलवला. मला त्या क्षणी उपकार वाटायला हवे होते, लाज वाटायला हवी होती. माझ्या मनात एवढंच आलं, की इथेही ही माझ्या पुढे गेली. लाज वाटली ती घरी पोचल्यावर. आधी हे आलं.